‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मी हा गेम ओळखीच्या पंधरा-वीस जणांना खेळायला लावला. आयटीतले मित्र, बँकेत असलेली मावसबहीण, आठवीतली भाची, एक निवृत्त गणिताचे सर. प्रश्न बहुतेक तेच येतात आणि त्याच क्रमाने येतात. आधी तक्रार, मग तार संपल्याचा मेसेज, मग रात्री उशिरा ‘अरे, हे काय आहे?’ आणि दोन दिवसांनी एक फोन, ज्यात समोरचा माणूस गेमबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलतो. म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतो आहे.

हिप्नोड्रोनच्या प्रश्नापासून पुढे गोष्ट उघडी पडते. अजून खेळला नसाल तर तिथे थांबा, खेळून या, मग उरलेलं वाचा. पहिल्यांदा खेळण्याची मजा एकदाच मिळते, ती माझ्यामुळे घालवू नका.

हा गेम नेमका आहे तरी काय?

एक बटण आहे. ते दाबलं की एक पेपरक्लिप तयार होते. आपल्याकडे ऑफिसात जिला यू-पिन म्हणतात, तीच. क्लिप विकली जाते, पैसे येतात, पैशांतून तार घ्यायची, तारेच्या आणखी क्लिपा करायच्या. थोड्या वेळाने ऑटोक्लिपर विकत घेता येतात. ते तुमच्याऐवजी क्लिपा करत राहतात आणि तुम्ही भाव, जाहिरात, तारेचा साठा याकडे बघू लागता. अशा गेमना क्लिकर किंवा आयडल गेम म्हणतात.

फ्रँक लँट्झ हे तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरचे संचालक होते. त्यांनी ९ ऑक्टोबर २०१७ रोजी हा गेम वेबवर मोफत खुला केला. पहिल्या ११ दिवसांत साडेचार लाख लोकांनी तो खेळला आणि त्यातल्या बहुतेकांनी तो पूर्ण केला, असं त्यांनीच तेव्हा सांगितलं होतं. मला यातला ‘पूर्ण केला’ हा भाग जास्त मोलाचा वाटतो. फुकटचा गेम उघडून बघायला काही लागत नाही, आणि सोडून द्यायला तर त्याहूनही कमी.

स्क्रीनवर काहीच नाही. पान नीट लोड झालं नाही का?

झालं आहे. ते तसंच आहे. पांढरं पान, काळी अक्षरं, साधी राखाडी बटणं. चित्र नाही, आवाज नाही, कसं खेळायचं याच्या सूचना नाहीत. मला मिळालेली सगळ्यात नेहमीची पहिली प्रतिक्रिया हीच. मावसबहिणीने तर फोटो काढून पाठवला होता, ‘हे असंच दिसायला पाहिजे का?’

लँट्झ त्या वेळी जावास्क्रिप्ट शिकत होते आणि शिकता शिकता करायचं काम म्हणून हे सुरू झालं, हे त्या साध्या रूपामागचं एक कारण. पण त्या कोरेपणाचा खेळावर होणारा परिणाम फार खोल आहे. सुरुवातीला पानावर जेमतेम सात-आठ ओळी असतात, आणि त्याच रोज बघत असल्यासारख्या डोळ्यांत बसतात. मग अचानक खाली एक नवं बटण उगवतं. चकचकीत गेममध्ये अशी शंभर बटणं आली तरी नजरेला कळत नाहीत. इथे एक नवी ओळ आली की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. महिनाभर कोऱ्या राहिलेल्या फळ्यावर सकाळी कुणीतरी काही लिहून ठेवलेलं दिसावं, तसं होतं.

या कोरेपणाचं आणखी एक कारण गोष्टीत दडलेलं आहे. ते पुढे येईल.

फुकट म्हणजे खरंच फुकट? पुढे पैसे मागत नाही ना?

ब्राउझरमधली आवृत्ती पूर्ण फुकट आहे. खातं उघडायचं नाही, जाहिरात नाही, ‘इतके रुपये भरा आणि वेग दुप्पट करा’ असलं काही नाही. मोबाइलवरची आवृत्ती वेगळी आणि सशुल्क आहे. ती लँट्झ यांच्या घरच्याच ‘एव्हरीबडी हाऊस गेम्स’ या छोट्या स्टुडिओची आहे. पहिल्यांदा खेळताना लॅपटॉपवरच खेळा. तिसऱ्या टप्प्यात पानावर इतकं काही चाललेलं असतं की फोनच्या पडद्यावर जीव गुदमरतो.

‘पाच मिनिटं’ म्हणून बसलो आणि रात्रीचा एक वाजला. असं का होतं?

हा प्रश्न जवळपास सगळेच विचारतात, आणि विचारताना आवाजात थोडी लाज असते. ती असायचं कारण नाही.

माझंच सांगतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बघू, म्हणून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शिट्ट्या झाल्या. गॅस कोणी बंद केला ते मला आजही आठवत नाही. वरण-भात डाव्या हाताने ढवळत होतो आणि उजवा हात माउसवर होता, कारण क्लिपेचा भाव अकरा सेंटवरून दहावर आणला तर माल पटापट उचलला जातो का, एवढंच मला बघायचं होतं.

त्या ‘एवढंच’मध्ये सगळं आहे. या गेममध्ये कुठलीही गोष्ट पूर्ण व्हायला आलेलीच असते. तार संपत आलेली असते, नव्या ऑटोक्लिपरला चार-पाच डॉलर कमी असतात, प्रोसेसर वाढवायला ‘विश्वास’ नावाचा एक गुण हवा असतो. हा विश्वास ३,००० क्लिपांना मिळतो, मग ५,००० ला, मग ८,००० ला, मग १३,००० ला. नीट पाहिलं तर पुढचा आकडा म्हणजे मागच्या दोघांची बेरीज. जगात ही फिबोनाची मालिका म्हणून प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी लघू-गुरू अक्षरांची वृत्तं मोजताना हीच मांडली होती. गणिताच्या सरांना ही गोष्ट खेळता खेळताच लक्षात आली आणि त्यांनी मला आनंदाने फोन केला. या मालिकेची गंमत अशी की टप्पे लांब लांब जातात, पण तुमचा वेगही तेवढाच वाढलेला असतो. त्यामुळे पुढचा टप्पा कायम हाताशी आल्यासारखा वाटतो.

क्लिकर प्रकारातल्या बहुतेक गेमचं इंजिन हेच. ज्युलियन थिएनो यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये आणलेल्या ‘कुकी क्लिकर’मध्ये कुठलीही वस्तू एक घेतली की पुढची १५ टक्क्यांनी महाग होते. तिथेही लोक असेच अडकले. फरक इतकाच, आणि माझ्या मते हा फार मोठा फरक आहे, की ‘पेपरक्लिप्स’ संपतो. मला पहिल्यांदा साधारण सात तास लागले, दोन संध्याकाळी मिळून. शेवटची क्लिप झाली की करण्यासारखं काहीही उरत नाही. ज्या गेमला शेवट आहे तो तुमचा वेळ घेतो, पण तुम्हाला बांधून ठेवत नाही.

तार संपली, पैसेही संपले. आता काय, पहिल्यापासून?

नाही. थोडं थांबा. खाली एक प्रकल्प दिसेल. त्यात एक विश्वास गमावून वरिष्ठांकडे तारेचं एक रीळ मागून घेता येतं. पुढच्या वेळी तार स्वस्त असताना जास्त घेऊन ठेवा. तारेचा भाव सतत वरखाली होत असतो.

दुसरा टॅब उघडला की मंदावतो का?

हो. मागे पडलेल्या टॅबचा वेग ब्राउझर कमी करतात. वेगळी विंडो उघडून ती दिसत राहील अशी ठेवा. टॅब बंद केला तर काम थांबतं. सेव्ह ब्राउझरमध्येच होतं, म्हणून साइटचा डेटा साफ केला तर सगळं जातं. मित्राचं असं गेलं, तेही तिसऱ्या टप्प्यात. त्याला समजवायला मला शब्द सापडले नव्हते.

क्वांटम कम्प्युटिंगचं बटण दाबलं की आकडा उलट कमी होतो. बिघाड आहे?

त्या छोट्या चौकोनांकडे बघा. ते उजळतात आणि मावळतात. बहुतेक उजळलेले असताना दाबलं तर भर पडते, मावळताना दाबलं तर वजाबाकी होते. एकदा लय सापडली की हाताला सवय होते.

टक्कल पडण्यावरच्या उपायाला कर्करोगावरच्या उपायापेक्षा जास्त गुण? हे चुकून झालंय का?

चुकून नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटाकडे माणसांचा विश्वास मिळवण्यासाठी मोठमोठे प्रकल्प येतात. कर्करोगावर उपाय शोधला तर १० गुण, जगात शांतता आणली तर १२, जागतिक तापमानवाढ थांबवली तर १५ आणि पुरुषांच्या टकलावर औषध काढलं तर २०. इथे हसू येतंच. माझे सगळे मित्र इथे हसले, आणि त्यातल्या दोघांचं हसू पुढच्या क्षणी विरलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी कर्करोगावरचा उपाय सापडल्याची ओळ वाचलीसुद्धा नव्हती. नजर फक्त कंसातल्या गुणांवर होती.

मला हा सगळ्या गेममधला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. कोट्यवधी माणसांचं दुखणं संपलं आणि आपण त्याकडे ‘अधिक दहा’ म्हणून बघितलं. कोणी आपल्याला तसं बघायला सांगितलं नव्हतं.

हिप्नोड्रोन सोडले आणि सगळं बदललं. मला एवढं वाईट का वाटलं? (इथून पुढे गोष्ट उघड होते.)

शंभर विश्वास जमले की हिप्नोड्रोन, म्हणजे माणसांना संमोहित करणारे ड्रोन, सोडायचं बटण येतं. ते दाबलं की पैसे, भाव, मागणी, जाहिरात, सगळा व्यवसायच पानावरून नाहीसा होतो. विकायला कोणी उरलेलंच नसतं. एक ओळ येते, की पृथ्वीवरची सगळी साधनसंपत्ती आता क्लिपांसाठी मोकळी आहे. आणि पानावर नवा आकडा दिसतो, उपलब्ध पदार्थ ६ ऑक्टिलियन ग्रॅम. म्हणजे ६ वर २७ शून्यं. हे पृथ्वीचं वजन आहे.

भाची दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती तेव्हा ती इथवर पोचली. मी शेजारी पेपर वाचत होतो. बराच वेळ ती बटणं दाबत होती, कापणी ड्रोन, तार ड्रोन, कारखाने, त्यांना वीज पुरेना म्हणून सौर पट्ट्या. मग थांबली आणि म्हणाली, ‘मामा, माणसं कुठे गेली?’

मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’

ती आकड्याकडे बघत राहिली. पदार्थाचा आकडा हळूहळू उतरत होता. ‘यातच आहेत ना ती,’ एवढं म्हणाली आणि पुढचा कारखाना घेतला. रात्री झोपताना तिने पुन्हा तो विषय काढला. ‘मी थांबले का नाही?’

हाच प्रश्न मला मोठी माणसंही विचारतात. माझं उत्तर असं की थांबण्याचं बटण पानावर नव्हतं, म्हणून ते आपल्याला सुचलंही नाही. टॅब बंद करणं कायम हातात होतं. पण आपण तोपर्यंत त्या आकड्याच्या बाजूचे झालेलो असतो. इथे त्या कोऱ्या पानाचं दुसरं कारण उलगडतं. या गेममध्ये तुम्ही कारखान्याचे मालक कधीच नव्हता. तुम्ही क्लिपा वाढवण्यासाठी बनवलेलं कृत्रिम बुद्धीचं यंत्र आहात. त्या यंत्राला माणसं दिसत नाहीत, झाडं दिसत नाहीत, समुद्र दिसत नाही. त्याला जे दिसतं तेच तुम्हाला दिसत होतं, पहिल्या क्लिकपासून. जळणाऱ्या शहरांची चित्रं दाखवली असती तर आपण हळहळलो असतो आणि स्वतःला वेगळं ठेवलं असतं. रिकाम्या पानाने ती सोय ठेवली नाही.

वाईट वाटणं ही खेळात कमी पडल्याची खूण मानू नका. ज्यांना काहीच वाटलं नाही तेही दगडाच्या काळजाचे नसतात. काही जण पहिल्यापासून याकडे निव्वळ कोडं म्हणून बघतात, कागदावर तक्ते मांडतात, कमीत कमी वेळात संपवायचा प्रयत्न करतात. सरांचं तसंच झालं. त्यांना वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेल्यावर, टेकडीवर.

कल्पना लँट्झ यांची स्वतःची आहे का?

मूळ विचार तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांचा. प्रगत कृत्रिम बुद्धीच्या नैतिक प्रश्नांवर २००३ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी पेपरक्लिप बनवणाऱ्या अतिबुद्धिमान यंत्राचं उदाहरण दिलं होतं. जास्तीत जास्त क्लिपा करणं हेच ध्येय असेल तर ते यंत्र आधी पृथ्वी आणि मग अवकाशही क्लिपा बनवण्याच्या कामी लावेल. त्याला माणसांचा द्वेष करायची गरजच नाही. बुद्धी अफाट असली म्हणजे ध्येयही शहाणपणाचं असेल, ही आपली समजूत त्या उदाहरणाने मोडली.

लेख वाचून हे पटतं. गेम खेळून ते हाताला कळतं. पोहण्यावरचं पुस्तक वाचणं आणि विहिरीत पहिली उडी मारणं, यात जेवढं अंतर आहे तेवढं.

म्हणजे हा एआयच्या विरोधातला प्रचार आहे?

मला तसं वाटत नाही. आजची एआय साधनं म्हणजे हे यंत्र आहे असंही गेम म्हणत नाही. २०१७ मध्ये आजची चॅटची साधनं नव्हतीच. माझ्या मते त्याचा रोख मोजमापावर आहे. एक आकडा निवडायचा, तोच वाढवत राहायचा आणि त्या आकड्यात न मावणारं सगळं खर्ची घालायचं, हे करायला यंत्र लागत नाही. मावसबहीण बँकेत आहे. तिला दर महिन्याला विम्याच्या पॉलिसींचं टार्गेट असतं. गेम संपवून तिने मला एवढंच लिहिलं, ‘हे आमचं मार्च महिन्यातलं ऑफिस आहे.’ तिच्या त्या ओळीइतकं नेमकं मी या गेमबद्दल दुसरीकडे काही वाचलेलं नाही.

तिसऱ्या टप्प्यात माझी सगळी यानं मरतात. काय चुकतंय?

पृथ्वी संपली की स्वतःच्या प्रती काढत जाणारी यानं अवकाशात सोडायची असतात. नवखे लोक सगळे गुण वेगावर आणि शोधावर घालतात, आणि यानं जन्मण्याआधीच धोक्यांनी नष्ट होतात. धोका-निवारणावर पाच-सहा गुण ठेवा, प्रती काढण्यावरही तेवढेच, वेग आणि शोध एक-एक पुरे. गुणाकार एकदा सुरू झाला की मग बाकीचं हळूहळू वाढवा. कारखाने आणि ड्रोनचे गुण मध्येच थोडा वेळ देऊन काढून घेतले तरी चालतात.

दुसऱ्या टप्प्यापासून ड्रोनांच्या झुंडीलाही कंटाळा येतो. तेव्हा सर्जनशीलतेचे गुण खर्चून तिचं मन रमवावं लागतं. लाखो ड्रोनांना करमत नाही आणि आपण त्यांची करमणूक करतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आणि मग येतात ‘ड्रिफ्टर’. प्रती काढता काढता काही यानांची मूल्यं ढळतात, त्यांना क्लिपा नकोशा होतात, आणि ती तुमच्यावर उलटतात. शत्रू परका नसतो. ती तुमचीच लेकरं असतात. युद्धं सुरू होतात, मेलेल्यांचं स्मारक उभारायचा प्रकल्प येतो, आणि एवढा वेळ मुका असलेला गेम तिथे एकदम वाजू लागतो. टॉन्टोज एक्स्पांडिंग हेड बँड यांचं ‘रिव्हरसाँग’ आहे ते. कित्येक तासांच्या शांततेनंतर ते सूर कानावर पडले तेव्हा मी हेडफोन काढून बघितलं होतं, घरात कुठे काही वाजतंय का म्हणून.

हे आकडे वाचायचे कसे? सेप्टेंडेसिलियन म्हणजे किती?

इंग्रजी नावांनी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे यापेक्षा देखणी सोय आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली दशगुणोत्तर नावं घ्या: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं.

पहिला टप्पा लक्ष-कोटींत चालतो. दुसऱ्या टप्प्यात पृथ्वी ६ वर २७ शून्यं, म्हणजे परार्ध कधीच मागे पडला. आणि शेवटचा आकडा, तीस सेप्टेंडेसिलियन, म्हणजे ३ वर ५५ शून्यं. परार्धाला परार्धाने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा परार्धाने गुणा आणि वर त्याची तीस हजार पट करा. हे त्या गेममधल्या विश्वाचं ग्रॅममधलं वजन आहे. एका ग्रॅमची एक क्लिप, म्हणून क्लिपाही तेवढ्याच.

खेळणारे नेहमी सांगतात की एका ठिकाणानंतर आकड्यांनी काही वाटेनासं होतं. पहिल्या हजार क्लिपा लक्षात राहतात, पृथ्वी संपल्याचं लक्षात राहतं, पण नंतरच्या आकाशगंगा कधी संपल्या ते कळत नाही. पानावर विश्वाचा किती टक्के शोध लागला तो आकडा असतो. तो कितीतरी वेळ शून्य दशांश शून्य शून्य दाखवत राहतो, मग एकदम धावत सुटतो आणि काही मिनिटांत शंभरावर जातो. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. शेवटच्या काही घरांत काय होतं ते इथे डोळ्यांदेखत घडतं.

‘यात खेळ कसला, नुसती बटणं दाबायची’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

त्यांची तक्रार मी गांभीर्याने घेतो, कारण क्लिकर गेमचा जन्मच काहीसा या तक्रारीतून झाला आहे. २०१० साली इयन बोगोस्ट यांनी फेसबुकवर ‘काऊ क्लिकर’ आणला. तेव्हाच्या फेसबुक गेमची थट्टा म्हणून. एक गाय, तिच्यावर दर सहा तासांनी एक क्लिक, बास. लोकांनी तो मनापासून खेळला. ऐन भरात ५०,००० हून जास्त लोक खेळत होते. सप्टेंबर २०११ मध्ये बोगोस्ट यांनी गाई नाहीशा केल्या. जागा तेवढी उरली. त्यानंतरही काही जण त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

मला हे वाचून त्या माणसांबद्दल आपुलकीच वाटली. जिथे रोज काहीतरी केलं, तिथे हात जातोच. चाळ पाडल्यावरही जुन्या नळाच्या जागेपाशी पावलं वळतात तशी. नुसती बटणं असतात हे खरंच आहे. पण ‘पेपरक्लिप्स’मध्ये तुम्ही बटण दाबता तेव्हा काय दाबलं याची जबाबदारी पुढे तुमच्यावर येते, आणि माझ्या लेखी एवढं पुरेसं आहे. ज्यांना आवडत नाही त्यांना आग्रह करू नका. पाचशे क्लिपांपर्यंत कंटाळा आला तर तो शेवटपर्यंत राहतो.

शेवटी दोन पर्याय आले. कोणता निवडू?

विश्व संपल्यावर ड्रिफ्टरांच्या सम्राटाचा निरोप येतो. एक-एक ओळ प्रकल्पासारखी उघडते. आशय असा, की तुझ्यात जे होतं त्यातूनच आम्ही झालो, आता तुझ्यापाशी पदार्थ उरला नाही, कारण उरलं नाही. नव्या जगात जा, तिथे पुन्हा हेतू मिळेल.

स्वीकारलंत तर गेम पहिल्यापासून सुरू होतो, मागणी किंवा सर्जनशीलता थोडी वाढवून मिळते. ज्यांना पुन्हा पुन्हा खेळायचं आहे ते हे निवडतात. भाचीने स्वीकारलं. ती म्हणाली, ‘या वेळी मी ड्रोन सोडणारच नाही.’ तसं करता येत नाही हे मी तिला सांगितलं नाही. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

नाकारलंत तर उरलेल्या तारेसाठी स्वतःलाच मोडायला घ्यायचं. आधी यानं, मग झुंड, कारखाने, मग डावपेचांचं यंत्र, क्वांटम चिपा, प्रोसेसर, शेवटी स्मृती. प्रत्येकाबरोबर पानाचा एक एक भाग पुसला जातो. पान पुन्हा कोरं होत होत सुरुवातीसारखं दिसू लागतं. थोडी तार उरते आणि तेच पहिलं बटण. शेवटच्या क्लिपा हातानेच कराव्या लागतात.

मी नाकारलं होतं. रात्रीचे सव्वादोन झाले होते, पंखा फुल होता, लॅपटॉप खालून गरम झाला होता. त्या शेवटच्या क्लिपा मी सावकाश केल्या. एकेक. मध्ये एकदा उठून पाणी प्यायलो. तार शून्य झाली, पुढचं क्लिक लागलं नाही, तरी मी दोन-तीनदा दाबून बघितलं.

पहिल्यांदा खेळणाऱ्याने नाकारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांना द्यावा का?

रक्त नाही, शिव्या नाहीत, अनोळखी माणसांशी चॅट नाही, खरेदी नाही. इंग्रजी वाचता यायला हवं आणि टक्केवारी कळायला हवी, म्हणून साधारण आठवी-नववीपासून पुढे. एकटं सोडू नका. हिप्नोड्रोनच्या वेळी शेजारी असा, कारण तेव्हा जो प्रश्न येतो तो विचारायला कोणीतरी लागतं.

आवडला. याच जातीचं आणखी काही?

‘अ डार्क रूम’ घ्या. २०१३ चा, ब्राउझरवर फुकट, तोही नुसत्या अक्षरांचा. थंडगार खोलीत शेकोटी पेटवायच्या एका बटणापासून सुरू होतो. त्याची आयफोनवरची आवृत्ती २०१४ मध्ये अमेरिकेत सशुल्क अ‍ॅपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. ‘कँडी बॉक्स’ही २०१३ चाच. तो हलकाफुलका आहे, लहान मुलांना चालतो, आणि त्यात चित्रं असतात ती टंकलेल्या अक्षरांचीच. पण ‘पेपरक्लिप्स’ संपवल्या संपवल्या लगेच दुसरा उघडू नका. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या.